अक्रातले शेजारी: एका मॉर्मन मिशनरी जोडप्याचा दिनक्रम

समुद्रकाठ

परदेशी राहणाऱ्या आईवडिलांच्या धाग्यावर मी आमच्या शेजारच्या अमेरिकन जोडप्याचा ओझरता उल्लेख केला होता. हे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे, मिशनरी दिवसभर नेमकं करतात काय, असं तिथे काही जणांनी विचारलं. तो धागा भरकटू नये म्हणून हा वेगळा काढते आहे.

आम्ही घानात, अक्रा शहरात राहतो. नवऱ्याची नोकरी टेमा बंदराकडच्या कारखान्यात. आमच्या समोरच्या घरात हे दोघं. आजोबा सत्तरीकडे झुकलेले, आयडाहोत बटाट्याची शेती केलेले. आजी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना सगळे 'एल्डर' आणि 'सिस्टर' अशी हाक मारतात, पुढे आडनाव. नातवाच्या वयाचा मिशनरीही एल्डरच असतो. छातीवर काळी नावपट्टी, तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. अधिकृत नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' म्हणू नका असं २०१८ पासून चर्च आग्रहानं सांगतं. इथे ओळखीचा म्हणून तो शब्द वापरते आहे, त्यांच्यासमोर वापरत नाही.

दारोदार जाऊन धर्माबद्दल बोलणारी, पांढरा शर्ट आणि टाय घालून जोडीजोडीनं चालणारी तरुण मुलं वेगळी. मुलगे दोन वर्षं येतात, मुली दीड वर्ष. त्या मुलांच्या राहण्याजेवणाचा, दुखण्याखुपण्याचा, कागदपत्रांचा जो पसारा असतो तो निवृत्त जोडपी सांभाळतात. काही जोडपी विहिरी, व्हीलचेअर, नवजात बाळांना श्वास देण्याचं सुइणींचं प्रशिक्षण अशा कामांवर असतात. काही त्यांच्या मंदिरात (रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींची वास्तू), काही जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून जतन करण्याच्या कामावर. आमचे शेजारी मिशनच्या कार्यालयात आहेत.

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, दोघं फिरायला निघतात. परत आल्यावर व्हरांड्यात बसून एकत्र वाचन. जगभरच्या त्यांच्या सगळ्या घरांमध्ये त्या आठवड्यात तोच भाग वाचला जातो. मग नाश्ता आणि आठपर्यंत कार्यालय.

आजींकडे हिशेब आणि घरं. अक्रात घर भाड्यानं घेणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. १९६३ च्या भाडेकायद्याप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, पण प्रत्यक्षात घरमालक वर्षाचं, दोन वर्षांचं एकरकमी मागतात. २०२२ च्या अखेरीस इथली महागाई पन्नास टक्क्यांच्या वर गेली होती. तेव्हापासून तर पुष्कळ घरमालक डॉलरचाच भाव सांगतात. ठिकठिकाणी चार-चार मुलांसाठी घरं शोधायची, करार वाचायचे, पाण्याची टाकी आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, रस्त्यावर रात्री दिवे असतात का ते बघायचं, हे सगळं आजी करतात. घरमालक आधी आजोबांशी बोलायला बघतो. आजोबा काही न बोलता आजींकडे हात करतात आणि बाजूला होतात.

आजोबांकडे गाड्या, गाद्या, पाण्याचे फिल्टर, गॅसच्या शेगड्या. दुपारी दोघं पिकअप घेऊन घरांच्या तपासणीला जातात. मुलं कशी राहतात ते बघतात. फ्रिज उघडतात, न्हाणीघर बघतात. आजी कपाळाला हात लावून ताप बघतात. तापाला मलेरिया धरूनच चालायचं आणि आधी तपासणी करायची, हा इथला नियम. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, तर कुणाला घरची आठवण येऊन झोप लागत नसते. अठरा वर्षांचा मुलगा आईजवळ जे बोलला असता ते तो या परक्या बाईजवळ बोलतो, असं आजी म्हणाल्या. माझ्या मते त्यांचं खरं काम तेच आहे, बाकीचं कागदावरचं.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. तो आठवडा भयंकर असतो. नवी मुलं विमानतळावरून आणायची, मुदत संपलेल्यांना सोडायचं, दर परदेशी मुलाचा राहण्याचा परवाना आणि परकीय नागरिकाचं कार्ड वेळेत काढायचं. त्या दिवसांत त्यांच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा असतो, म्हणजे वीज असेल तर. इथे वीजकपातीला 'डमसोर' म्हणतात.

आणि हे सगळं बिनपगारी. विमानाचं काही ठिकाणी चर्च बघतं, पण घरभाडं, खाणं, विमा यासाठी स्वतःच्या साठवणुकीतून पैसे भरून येतात.

माईची_लेक

समुद्रकाठ, छान लिहिलंत. माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. आई-बाबा डोंबिवलीहून दरवर्षी सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला येतात ते नातवंडांसाठी. त्यांचं सगळं परदेश म्हणजे आमचं घर आणि समोरची बाग. तुमच्या शेजारच्यांनी तर नातवंडं मागे ठेवली. त्यांना ते जड जात नाही?

समुद्रकाठ

जातं, फार जातं. रविवारी संध्याकाळी सहाला आयडाहोत सकाळचे अकरा किंवा बारा वाजलेले असतात, तेव्हा त्यांचा फोनचा तास. इंटरनेट गेलं तर आजोबा गच्चीवर जाऊन रेंज शोधतात. धाकटी लेक बाळंत झाली तेव्हा आजींनी बाळ पहिल्यांदा फोनवरच बघितलं. तो दिवस त्यांनी आमच्याकडे काढला. डिंकाचे लाडू कशाला करतात, बाळंतिणीला काय देता, हे सगळं विचारून घेतलं आणि मग बराच वेळ रडल्या. परवानगी काढून स्वखर्चानं थोडे दिवस घरी जाता येतं. त्या गेल्या नाहीत. लेकच म्हणाली, आता येऊ नकोस, पुरतं संपवून ये.

मला ते पटलं नाही, हे मी त्यांना सांगितलंही. बाळंतपणाला आई हवी. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की तिच्याजवळ तिथे तिच्या वॉर्डातल्या बायका आहेत. वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी.

सानिका_लीहाय

मी यूटात राहते, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पट्ट्यात. चर्चचं मुख्यालय सॉल्ट लेकलाच, त्यामुळे पाठवणारी बाजू इथून दिसते, म्हणून थोडी भर.

आमच्या ऑफिसात लोक निवृत्तीची तारीख सांगतात आणि लगेच मिशनची. इच्छा आणि पसंती कळवता येते, पण बोलावणं चर्चच्या अध्यक्षांच्या नावानं येतं. पूर्वी ते मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं आणि सगळं कुटुंब जमल्यावर उघडायचे. आता ते ऑनलाइन येतं, तरी माणसं जमतातच. सहा महिने ते तेवीस महिने अशी मुदत घेता येते. जोडप्याच्या घरभाड्यावर २०११ मध्ये दरमहा १४०० डॉलरची मर्यादा घातली, त्यावरचं चर्च भरतं. त्याआधी महागड्या शहरात जायला फक्त पैसेवाल्यांनाच जमायचं.

निघण्याआधी प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात जेमतेम आठवडाभर शिकवणी. तरुणांना तिथे कित्येक आठवडे भाषा शिकवतात. साठी-सत्तरीतल्या माणसांना मात्र जुजबी तयारीवर सोडतात. माझी शेजारीण फिलिपिन्सला गेली तेव्हा महिनाभर फक्त दातांचे डॉक्टर, लसी, औषधांचा साठा आणि मृत्युपत्र यात गुंतलेली होती. घर भाच्याला दिलं, गाडीवर कापड घातलं, कुत्रा मुलाकडे. मला हे सगळं बघून त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. इथे राहून त्यांच्या समाजाचा एकसुरीपणा कधीकधी जाचतो, तेही खरं. पण यूटातल्याच स्पॅनिश फोर्कला कृष्णमंदिर बांधलं गेलं तेव्हा याच चर्चनं देणगी दिली होती, आणि तिथल्या रंगपंचमीला गर्दी असते ती बहुतेक त्यांच्याच विद्यार्थ्यांची.

रोखठोक

सगळं कौतुक वाचलं. पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. गरीब देशात जायचं, विहीर खणायची, व्हीलचेअर द्यायची आणि मग पाण्यात बुडवून माणूस आपला करायचा. आजी प्रेमळ असतील, व्यवस्था तीच आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागतो, तो घानातल्या गरिबाकडूनही घेतात. याबद्दल काय?

समुद्रकाठ

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. मी झाकून ठेवत नाही. अंतिम हेतू प्रसार हाच आहे आणि शेजारी तो लपवत नाहीत. दर आठवड्याला किती बाप्तिस्मे झाले त्याच्या नोंदी आजीच संगणकात भरतात. दशमांशही खरा.

विहिरी-व्हीलचेअरची कामं मात्र वेगळ्या जोडप्यांकडे असतात. ती स्थानिक संस्था किंवा सरकारी आरोग्य खात्यामार्फत होतात आणि मदत घेणाऱ्याला धर्म विचारत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मुस्लिम शिंप्याच्या भावाला तशी खुर्ची मिळाली, त्याला चर्चचा रस्ता कुणी दाखवला नाही. तरी देणाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, आणि तेही एक प्रकारे प्रसाराचंच काम झालं. या जोडप्यांची सेवा आणि श्रद्धा चिरून वेगळी करता येत नाही असं माझं मत आहे. तसं ती स्वतःही करत नाहीत.

मला एकदा विचारलं होतं, रविवारी येणार का म्हणून. मी नाही म्हटलं, आमच्या घरी देव आहेत असं सांगितलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. गणपतीत मात्र आरतीला आले, आजोबांनी झांज वाजवली.

कुमासीकर

मी या देशात बरीच वर्षं काढली आहेत. रोखठोक यांच्या चित्रात एक मोठी गोष्ट सुटते आहे. घानात आणि नायजेरियात हे चर्च अमेरिकनांनी आणलंच नाही. इथल्या लोकांनी पत्रकं आणि पुस्तकं वाचून १९६० च्या दशकातच आपापल्या मंडळ्या काढल्या होत्या. घानातल्या केप कोस्ट शहरात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४ पासून प्रचार करत होते. सॉल्ट लेकला पत्रावर पत्रं जात होती, माणसं पाठवा म्हणून. चर्च पाठवत नव्हतं, कारण १८५२ पासून त्यांच्यात आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पौरोहित्य, म्हणजे विधी करायचा आणि शाखा चालवायचा अधिकार, द्यायचं नाही असा नियम होता. तो नियम जून १९७८ मध्ये उठला.

त्यानंतर सगळ्यात आधी कुणाला पाठवलं? दोन जोडप्यांना. रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. नोव्हेंबर १९७८ मध्ये नायजेरियात अँथनी ओबिन्ना यांच्यासह एकोणीस जणांचा बाप्तिस्मा झाला आणि डिसेंबरात केप कोस्टला समुद्रात. पश्चिम आफ्रिकेतल्या या चर्चची अधिकृत सुरुवातच अशा प्रौढ जोडप्यांच्या हातून झाली आहे.

पुढे जून १९८९ मध्ये घाना सरकारनं या चर्चवर बंदी घातली, परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. नोव्हेंबर १९९० मध्ये बंदी उठली. मधल्या काळात इथल्या लोकांनी घरोघरी, कुणी परदेशी नसताना, प्रार्थना चालू ठेवल्या. मदतीसाठी जमलेली माणसं एवढं करत नाहीत.

रोखठोक

ही माहिती नव्हती, धन्यवाद. पण मग प्रश्न आणखी कडवट होतो. ज्यांना सव्वाशे वर्षं कमी लेखलं त्यांनीच बोलावून घेतलं. त्यांच्या जागी मी असतो तर राग आला असता.

कुमासीकर

राग आहे. जुन्या माणसांशी बोललात तर ऐकू येतो. तरी ते राहिले. त्याचं कारण मला तरी असं दिसतं की त्यांना आपलं स्वतःचं चर्च मिळालं. पगारी पाद्री नसतो, शाखेचा प्रमुख म्हणजे कुणी शिक्षक, कुणी टॅक्सीवाला. अमेरिकन जोडपं त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून बसतं. मी एका शाखेत पाहिलं, एक निवृत्त वकील एका तरुण मेकॅनिकला हजेरीपत्रक कसं भरायचं ते दाखवत होता आणि निर्णय मात्र मेकॅनिकचा.

मला खटकतं ते संगीत. घानातल्या बाकी चर्चमध्ये रविवारी ढोल, नाच, रुमाल हलवणं. यांच्याकडे अमेरिकेतली संथ स्तोत्रं, ढोल नाही. या भूमीत ढोलाशिवाय प्रार्थना म्हणजे मोठी हानी आहे असं मला वाटतं.

समुद्रकाठ

कुमासीकर, संगीताबाबत पूर्ण सहमत. आमच्या आजी शनिवारी दुपारी मुलांना कीबोर्ड शिकवतात. मुलांचा हात इतका लयीत चालतो की आजी स्वतःच म्हणतात, स्तोत्र फार हळू आहे यांना. पण बदलायचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

पेठकर

महाराष्ट्राशी संबंध आहे का असं कुणी विचारायच्या आत सांगतो. आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि मग पुण्यात आला. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांमध्ये आणि आसपासच्या लोकांमध्ये त्यानं काम केलं, पुण्यात छोटी शाखाही निघाली. काही वर्षांत सगळं थंडावलं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होतं, त्यांनी शाळा, छापखाने उभे केले, त्यांचं नाव आजही निघतं. फिंडलेचं नाव पुण्यात कुणाला ठाऊक नाही. एकटा पुरुष, जवळ पैसे नाहीत, राहायला जागा नाही. त्याच्यामागे तुमच्या आजींसारखं कुणी घरं शोधायला असतं तर काय झालं असतं, हा विचार वाचताना आला.

बंगळुरूला त्यांचं भारतातलं पहिलं मंदिर बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं.

एक भाबडा प्रश्न. बहुपत्नीत्वाचं काय?

सानिका_लीहाय

पेठकर, १८९० मध्येच चर्चनं ते सोडल्याचं जाहीर केलं. आता कुणी केलं तर चर्चमधून काढून टाकतात. जे अजून करतात ते फुटून निघालेले वेगळे पंथ आहेत. इथे यूटात हा प्रश्न विचारला की लोक शांतपणे उत्तर देतात, पण थकलेले दिसतात.

माईची_लेक

खाण्यापिण्याचं सांगा ना. चहा पीत नाहीत हे ऐकलंय. मग शेजारधर्म कसा पाळता?

समुद्रकाठ

चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच नाही. मूळ शिकवण १८३३ मधली. पण औषधी पाल्याचा काढा चालतो. इथे गवती चहा अंगणात उगवतो, घानातले लोकही तो उकळून पितात. त्यात आलं घालून, चहापत्तीशिवाय, मी दोघांना देते. ताकही आवडतं. मिरचीची सवय आजोबांना इथल्या शितोनं लावली आहे. शितो म्हणजे सुक्या मासळीची काळी तिखट चटणी, केंकीबरोबर, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांबरोबर, खातात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो. दोन जेवणं सोडायची, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणांचे जितके पैसे वाचले तितके किंवा जास्त गरजूंसाठी द्यायचे. या उकाड्यात पाणी न पिता चर्चला जाऊन बसायचं. आजोबांना मधुमेह आहे, त्यांना सूट आहे, ते फक्त पैसे देतात. हा हिशेब मला फार आवडला: जे सोडलं ते कुणाच्या तरी ताटात गेलं पाहिजे. आमच्या घरी एकादशीला आता तसा डबा ठेवतो.

रविवारी चर्च दोन तास, मग घरी मुलांसाठी भात आणि कोंबडीचा रस्सा. सोमवार तरुण मुलांचा कपडे धुण्याचा, बाजाराचा दिवस. तेव्हा आजींच्या दारात दोन-तीन जोड्या हमखास असतात, कारण त्यांच्याकडे धुलाईयंत्र आहे. मुलांना टीव्ही-सिनेमा नाही. आजी-आजोबांना तेवढी बंधनं नाहीत. बुधवारी रात्री दोघं जुने अमेरिकन विनोदी कार्यक्रम बघतात, हसण्याचा आवाज आमच्याकडे येतो.

माईची_लेक

आणि दोघांचं एकमेकांशी? चोवीस तास बरोबर म्हणजे...

समुद्रकाठ

हे मी आजींना विचारलं होतं. चाळीस वर्षं आजोबा पहाटे शेतावर आणि त्या शाळेत, रात्री जेवताना भेट. इथे एकच गाडी, एकच कार्यालय, टेबलं समोरासमोर. सुरुवातीला फार खटके उडाले म्हणाल्या. आजोबांना हिशेबात लुडबुड करायची सवय, यांना गाडी चालवताना सूचना द्यायची. अक्राच्या रस्त्यावर ट्रोट्रो, म्हणजे इथल्या वडापच्या मिनीबस, कुठूनही घुसतात, त्यामुळे सूचना जास्तच. मग ठरवलं की कामाच्या वेळी एकमेकांना एल्डर-सिस्टरच म्हणायचं. त्यानं आवाज खाली राहतो, असा त्यांचा अनुभव. मी बघते ते असं, की आजोबांना वयाच्या या टप्प्यावर कळलं की बायको व्यवहारात आपल्यापेक्षा तेज आहे, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटतो. सगळ्यांना सांगत असतात.

पेठकर

माझी बहीण परिचारिका म्हणून निवृत्त झाली, मेहुणे बँकेतून. हे वाचून विचारतात, अशा कामासाठी चर्चबाहेरच्या माणसाला जाता येतं का?

सानिका_लीहाय

मिशनरी म्हणून नाही. चर्चचं सदस्यत्व आणि स्थानिक प्रमुखांची शिफारस लागते. स्थानिक पातळीवर स्वयंसेवक म्हणून त्यांच्याबरोबर काम करणारे इतर धर्माचे लोक मात्र असतात.

समुद्रकाठ

पेठकर, बहिणीला सांगा, अक्रात येणार असतील तर आमच्याकडे उतरा. ओळख करून देते.

शेजाऱ्यांची मुदत यंदाच्या हर्माटानमध्ये संपते, म्हणजे सहाराची धूळ यायला लागली की. नवीन जोडपं थोडेच दिवस आधी येतं, तेवढ्यात सगळं सांगून होत नाही म्हणून आजींनी वही घातली आहे. कोणता घरमालक शब्दाला जागतो, कोणत्या घराची टाकी गळते, मलेरियाची तपासणी रविवारी कुठे होते, कोणत्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. घानात डाव्या हातानं काही देऊ नका, हे पहिल्या पानावर, आमच्यासारखंच.

त्यांचा एक प्रश्न इथल्या जाणकारांना विचारते. मुलांच्या घरांत बोअरचं पाणी फार क्षारयुक्त आहे, फिल्टरच्या कांड्या लगेच चोंदतात. आधी साधा वाळूचा फिल्टर लावला तर उपयोग होईल का? कोकणात किंवा सौराष्ट्रात कुणी असं पाणी वापरलं असेल तर नक्की लिहा, मी त्यांना पोचवते.